वेढ्यातलं पाणी

झुंबरबाईंनी घागर कलती केली आणि गोरक्षच्या ओंजळीत धार धरली. गोरक्ष प्यायला नाही. बोटांच्या फटींतून पाणी गळू देत त्याने मान वळवून विजयमाला मॅडमकडे पाहिलं.

"मॅडम, परत दिलं बघा."

बुरुजाच्या सावलीत बसलेली पंधरा-वीस माणसं हसली. तालमीचा सहावा दिवस होता, आणि पाच दिवस हेच चाललं होतं.

"काकू, मला पानी द्यायचं नसतंय," गोरक्ष म्हणाला. एरवी तो जामखेड रस्त्याला टेम्पो चालवायचा. नाटकात तो किल्ल्याच्या दरवाजावरचा पहारेकरी होता, आणि तालमीत मॅडम सांगतील तो. "मी मागायचं, तुमी न्हाई म्हनायचं. एवढंच तर हाय. माझी बायको दिवसातनं धा डाव म्हनती."

"तिला जमत आसंल," झुंबरबाई म्हणाल्या आणि पदराने घागरीचा काठ पुसू लागल्या.

"मावशी, परत एकदा करू," मॅडम म्हणाल्या. "घाई नाही."

परत केलं. गोरक्षने ओंजळ पुढे करून घोटभर पाणी मागितलं. झुंबरबाईंना म्हणायचं होतं, "पाणी नाही, पुढं व्हा." त्यातलं 'पाणी' कसंबसं तोंडाबाहेर आलं आणि त्याच्यापाठोपाठ हात आपसूक घागरीकडे गेला.

यावेळी कोणी हसलं नाही. दिंडीदरवाजाजवळच्या पायरीवर भिमाबाई बसल्या होत्या. त्यांची नात प्रज्ञा नाटकात होती, म्हणून त्या रोज यायच्या, मिसरीची डबी कमरेला खोचून शेवटपर्यंत बसायच्या. त्यांनी मान खाली घातली आणि पायरीवरची माती बोटाने सारखी केली.

खर्ड्याच्या लढाईला त्या फाल्गुनात दोनशे वर्षं पुरी होत होती. गावाने आपल्या परीने सगळं योजलं होतं. भाषणं होती, पोरांचं लेझीम होतं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर देखावा होता. विजयमाला मॅडम तालुक्याच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायच्या. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. त्यांनी गावच्या बैठकीत उभं राहून सांगितलं होतं, की मला किल्ला तीन दिवस द्या, दुपारी तीन ते पाच. स्टेज नको, पडदा नको, खुर्च्या तर अजिबात नकोत. लोक दरवाजातून आत येतील ते बघे म्हणून नाही, तर लढाईच्या भीतीने घरदार सोडून किल्ल्यात शिरलेली रयत म्हणून. दारात प्रत्येकाच्या हातात एक गाठोडं द्यायचं, कोणत्या गावचे म्हणून विचारायचं, वॉटरबॅगा काढून घ्यायच्या आणि दरवाजा लावून टाकायचा. बाहेर मराठ्यांचा वेढा, आत निजामाची हरलेली फौज, आणि दोघांच्या मध्ये ही माणसं.

"मंग नाटक करनार कोन?" बैठकीत कोणीतरी विचारलं होतं.

"तेच," मॅडम म्हणाल्या होत्या.

बैठकीला त्यातलं फारसं कळलं नाही. पण बाई पैसे मागत नव्हत्या आणि किल्ला नुसताच पडून होता, म्हणून हो म्हटलं गेलं.

झुंबरबाईंनाही आधी कळलं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून पस्तीस वर्षं त्यांनी हा किल्ला शेळ्यांच्या मागे पाहिला होता. पण तालमीच्या पहिल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना मधल्या पटांगणात उभं केलं आणि दरवाजा लावायला सांगितला. तो भलाथोरला दरवाजा कुरकुरत मिटला. मग तटाच्या पलीकडून रंगनाथचा नगारा वाजू लागला, अगदी हळू, जणू दोन कोसांवरून. कोणीतरी लोखंडी पिंपात दगड लोटले आणि तोफ उडाल्यासारखं झालं. पेटलेल्या शेणीचा धूर तटावरून आत आला. कोणी एक शब्द बोललं नव्हतं, आणि झुंबरबाईंच्या अंगावर काटा आला. शेजारी उभ्या असलेल्या बाईचं मनगट त्यांनी कधी धरलं, ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

कीर्तनात बुवा सांगतात आणि आपण ऐकतो, असं त्यांना वाटलं. इथं कोणी सांगतच नव्हतं. माणूस मधोमध सापडलेला होता. एवढंसं शरीर या मॅडमचं, कधी आवाज चढत नाही, आणि दोनशे वर्षांपूर्वीची दुपार यांनी उचलून आणली. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी मॅडमना वाकून नमस्कार केला होता. मॅडम मागे सरकल्या, "मावशी, हे काय," म्हणाल्या; पण झुंबरबाईंचा हात त्यांच्या पायाला लागून गेला होता.

म्हणूनच मॅडमनी घागरीवरच्या बाईचं काम दिलं, तेव्हा झुंबरबाई नाही म्हणू शकल्या नाहीत. नाही म्हणणं त्यांना तसंही येत नव्हतं, आणि काम नेमकं तेच होतं.

किल्ल्यातलं पाणी संपत येतं. उरलेल्या सात घागरींवर किल्लेदार एका बाईला बसवतो. लोक एकेक करून तिच्यापुढे येतात, आणि तिने प्रत्येकाला नाही म्हणायचं.

"ही बाई इतिहासात नाही," मॅडमनी काम देतानाच स्पष्ट सांगितलं होतं. "पाण्याचे हाल झाले, एवढंच तिथं सापडतं. बाई मी घातली आहे. पण ती असल्याशिवाय वेढा कळणार नाही. तोफेला माणूस घाबरतो आणि विसरतो. पाण्याला नाही म्हटलेलं विसरत नाही."

आता झुंबरबाईंचा नेम साऱ्या गावाला ठाऊक होता. त्यांच्या दारात, रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाखाली रांजण होता. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, देवाची पूजा, मग रांजण गाळून भरायचा. आणि वाटेने येणाऱ्या कोणाला तरी आपल्या हाताने पाणी पाजल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. कधी सकाळी सातलाच कोणी भेटायचं, कधी एक वाजायचा. एकदा आषाढात दिवसभर झड लागली होती, रस्त्याला चिटपाखरू नव्हतं, तेव्हा त्या संध्याकाळपर्यंत उपाशी राहिल्या आणि मग एका एसटी कंडक्टरने दया येऊन दोन घोट घेतले. बावीस वर्षं झाली होती. नेम कशासाठी, कोणाच्या नावाने, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. लोक समजत, मुलासाठी असेल. बायका बहुधा मुलासाठीच नेम धरतात.

तालीम संपली तसा गोरक्ष त्यांच्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"काकू, एक सुचलंय. घागर रिकामीच ठेवा. आत पानीच न्हाई म्हनल्यावर तुमी खोटं कुठं बोलता? नेम बी ऱ्हाईल आन् नाटक बी."

"रिकामी घागर घेऊन मी कशाला बसू?" झुंबरबाई म्हणाल्या. "पानी न्हाई हे मंग घागरच म्हनती की."

मॅडम जवळच गाठोडी मोजून ठेवत होत्या. झुंबरबाई त्यांच्याकडे गेल्या.

"मॅडम, दुसरी कोन बघा. माझ्यानं तुमचं नाटक बिघडंल."

मॅडमनी हातातलं गाठोडं खाली ठेवलं. "दुसरी बघता येईल," त्या म्हणाल्या. "पण मावशी, गावात प्रत्येक जण तुमच्या हातचं पाणी प्यायलाय. तुमच्या तोंडून नाही कोणी ऐकलेलंच नाही. तुम्ही नाही म्हणालात तर सगळ्यांना कळेल, आता खरंच संपलं. दुसऱ्या कुणी म्हटलं तर ते संवाद म्हणतील." मग त्या म्हणाल्या, "पण तुमच्या नेमाहून नाटक मोठं नाही. परवा सकाळपर्यंत सांगा."

झुंबरबाई मान हलवून निघाल्या. प्रत्येक जण तुमच्या हातचं पाणी प्यायलाय, हे वाक्य पायात काट्यासारखं घेऊन त्या उतार उतरू लागल्या.

मागून वहाणांचा आवाज आला. भिमाबाई होत्या. दोघींची वाट रांजणापर्यंत एकच होती. पुढे भिमाबाईंना ओढा ओलांडून बुद्धविहाराच्या अंगाला जायचं असायचं. रोज त्या दहा पावलं मागून यायच्या. आज बरोबरीने चालू लागल्या.

"तुमी लई दुखात म्हनता," भिमाबाई म्हणाल्या.

"काय?"

"न्हाई म्हनायचं ते. तोंड असं करता, की आता रडताल. म्हनून हात घागरीकडं जातो. पानी न्हाई म्हननारं मानूस रडत नसतं, झुंबरबाई. त्याला घाई असती."

झुंबरबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"तुमी ज्वारी निवडत हुता," भिमाबाई पुढे म्हणाल्या. आवाजात ना राग, ना गोडवा. वाट सांगावी तसं त्या सांगत होत्या. "तुमच्या मळ्यातल्या हिरीवर. सूप मांडीवर हुतं. मी खडी फोडायच्या कामावरून आल्ते, कडंवर पोरगं. घागर तुमच्या शेजारी भरल्याली. मी मागितलं, तर तुमी एक खडा काढला, बाजूला टाकला, आन् म्हनला, पानी न्हाई, फुडं हो. आन् दुसरा खडा काढला. तसं म्हना. हाताला काम ठेवा. मंग जमंल."

बहात्तरचा दुष्काळ. ओढ्याच्या वाळूत नखाएवढे झरे उरले होते, आणि सासऱ्यांच्या विहिरीला तळाशी हात-दोन हात पाणी होतं. त्याच सकाळी झुंबरबाईंनी भावकीतल्या दोघींना आणि वाटेवरच्या एका धनगरणीला कळशी भरून दिली होती. पाणी होतं. कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही, हे सासूने सांगून ठेवलेलं होतं. ते सांगावं लागतच नव्हतं, तरीही सांगितलेलं होतं. सासूबाईंचं नाव झुंबरबाईंच्या ओठांवर आलं. सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती. झुंबरबाईंनी ते नाव गिळलं.

"पोरगं..." त्या म्हणाल्या.

"त्याला काय झालं न्हाई. ओढ्याला झिऱ्यावर पानी घावलं. पुन्याला कंपनीत हाय, म्हाईत हाय की तुमाला. पेढे दिल्ते ना त्यानं." भिमाबाईंनी मिसरीची डबी काढली, उघडली, तशीच मिटून परत खोचली. "मी टोचाय न्हाई सांगत. नातीचं नाटक हाय. चांगलं झालं पायजे."

कडुनिंब आला. भिमाबाई रांजणाजवळून पुढे गेल्या. बावीस वर्षं त्या अशाच जात होत्या. उन्हाळ्यात, डोक्यावर सरपण असताना, एकदा तापाने फणफणलेल्या असतानाही. झुंबरबाईंनी किती वेळा तांब्या हातात घेऊन वाट पाहिली होती. हाक मारायला मात्र कधी जीभ उचलली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मॅडमना सांगितलं, की मी करते. फक्त मांडीवर घ्यायला एक सूप द्या आणि पायलीभर ज्वारी.

प्रयोगाच्या पहिल्या दिवशी दीडशे माणसं आली. नगरहून आली, जामखेडहून, शेजारच्या वाड्यांवरून. दारात गोरक्ष भाला धरून उभा होता. वर्गमित्र आला तरी ओळख दाखवत नव्हता. "कोनत्या गावचे? संगं कोन? गाठोड्यात काय?" लोक पहिल्यांदा हसत उत्तर देत, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून हसणं आवरत. आलेल्या लोकांच्या लहान मुलांना आत सोडलं नव्हतं. दिंडीदरवाजाआड एक कंपाउंडर आणि भरलेले दोन रांजण होते, कोणाला चक्कर आली तर. हे मॅडमनी सगळ्यांत आधी केलं होतं, आणि सगळ्यांना सांगितलंही होतं. तरीही दरवाजा मिटला, नगारा सुरू झाला, धूर तटावरून उतरला, तसं दीडशे माणसांना ते रांजण आठवेनासे झाले. माणसं आपापली गाठोडी छातीशी धरून भिंतीला लागली. फौजेतले लोक त्यांच्यातून जखमींना नेऊ लागले. प्रज्ञा एका अनोळखी बाईच्या कुशीत शिरून विचारू लागली, "दरवाजा कवा उघडायचा?" आणि ती बाई खरोखर तिचे केस सारखे करत म्हणाली, "उघडंल गं, उघडंल." तिला कोणी हे शिकवलं नव्हतं.

चार वाजता पाण्याची रांग लागली.

झुंबरबाई सात घागरींच्या मधे बसल्या होत्या. घागरी भरलेल्या होत्या. त्यांनीच भरल्या होत्या. सूप मांडीवर होतं. पहिला माणूस पुढे आला, शहरातला, पांढरा शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. जरा गमतीनेच त्याने ओंजळ पुढे केली.

झुंबरबाईंनी ज्वारीतला एक खडा काढला. बाजूला टाकला.

"पानी न्हाई. फुडं व्हा."

दुसरा खडा काढला.

त्या माणसाची ओंजळ तशीच राहिली. चेहऱ्यावरची गंमत उतरायला क्षणभर लागला. मग तो बाजूला झाला, पण गेला नाही. दोन पावलांवर उभा राहून घागरीकडे बघत राहिला. त्याच्यामागून दुसरा, तिसरा. गावातली माणसं आली, रोज रांजणावर पिणारी. "काकू, मला तरी," असं एकीने हळूच म्हटलं. खडा, आणि पुढं व्हा. रांगेत आधी कुजबुज होती, मग ती विरून गेली. तटावर कावळा ओरडला तेवढाच आवाज. मॅडम खांबाआड उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर हात धरला होता.

पाच वाजता तहाची द्वाही फिरली, दरवाजा उघडला, आणि लोक बाहेरच्या पाण्याच्या पिंपांवर तुटून पडले. पाणी पिऊन झाल्यावर ते परत आत आले. असं गावात कधी झालं नव्हतं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. माणसं नुसती किल्ल्यात हिंडत राहिली, भिंतींना हात लावत. केडगावहून आलेले एक निवृत्त पोस्टमास्तर झुंबरबाईंसमोर येऊन थांबले.

"बाई, तुमच्या पाया पडायला पाहिजे. पण पाच मिनिटं मी मनापासून तुमचा द्वेष केला. आयुष्यात कुणाचा केला नव्हता."

झुंबरबाईंनी हात जोडले.

"काकू, जितलं," गोरक्ष भाला खांद्यावर टाकून आला. "आता चला, जेवा. सकाळधरनं पोटात काय न्हाई तुमच्या."

"आज नको."

"अवो, नाटकातलं न्हाई देव धरत नसतो. देवाला नाटक कळतं."

"देवाला कळतं," झुंबरबाई म्हणाल्या. सुपातली ज्वारी त्यांनी पदरात ओतून घेतली. दुपारभरात एकही खडा शिल्लक राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम किल्ल्यात गाठोडी लावत होत्या, तेव्हा झुंबरबाई येऊन उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले, पण कुंकू रेखीव, लुगडं धुतलेलं.

"मॅडम, आज घागरींवर भिमाबाईला बसवा."

मॅडम चमकल्या. "काल तर... मावशी, कालचं काम मी जन्मात विसरणार नाही. लोक आज तुम्हाला बघायला येतायत."

"माझं म्हनून झालं," झुंबरबाई म्हणाल्या. "ऐकायचं ऱ्हायलंय."

मॅडम त्यांच्याकडे पाहत राहिल्या. विचारावं असं त्यांच्या ओठांवर आलेलं दिसलं. पण ज्या मॅडमनी दीडशे माणसांना न सांगता वेढा कळू दिला होता, त्यांना न सांगता कळण्याचीही सवय असावी. त्या एवढंच म्हणाल्या, "भिमाबाई तयार होतील?"

"त्यास्नी तुमी विचारा. माझं नाव नका घेऊ."

भिमाबाईंना विचारलं, तेव्हा त्या पायरीवर नेहमीच्या जागी बसल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. नजर पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला, झुंबरबाईंच्या पाठीवर जाऊन आली.

"एवढंच वाक्य हाय ना?" त्या म्हणाल्या. "ते काय पाठ करायचं." मग उठून त्यांनी पदर खोचला. "सूप माझं मी आनते."

त्या दुपारी झुंबरबाई नाटकातल्या माणसांसारख्या दिंडीदरवाजातून आत गेल्या नाहीत. मोठ्या दरवाजासमोर, उन्हात, बाकीच्यांबरोबर उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली तेव्हा गोरक्षचा भाला जरासा हलला.

"कोनत्या गावच्या?"

"खर्ड्याची."

"संगं कोन?"

"कोनी न्हाई."

त्याने गाठोडं दिलं. ते घेऊन त्या आत गेल्या. पाठीमागे दरवाजा मिटला. नगारा, पिंपातले दगड, शेणीचा धूर, सगळं कालचंच होतं. सगळं त्यांना पाठ होतं. तरी गाठोडं छातीशी आलंच. सकाळपासून त्यांनी पाणी घेतलं नव्हतं. जीभ टाळूला लागत होती.

रांग लांब होती. पुढे बेलापूरहून लेकीकडे आलेली एक बाई होती, स्थूल, पदराने वारा घेणारी. ती उन्हाला, जावयाला आणि नाटकवाल्यांना आळीपाळीने नावं ठेवत होती. रांग जसजशी सरकू लागली तशी ती गप्प होत गेली. माणसांच्या खांद्यांवरून झुंबरबाईंना भिमाबाई दिसत होत्या. घागरींच्या मधे ताठ बसलेल्या. हात सुपात. आवाज चढत नव्हता, उतरत नव्हता. खडा, आणि पुढं व्हा. खडा, आणि पुढं व्हा. बावीस वर्षं एखादी गोष्ट मनात सांभाळून ठेवणारं माणूस ती इतकी नेटकी, इतकी बिनरागाची परत मांडू शकतं, हे झुंबरबाईंनी पहिल्यांदा पाहिलं. आपण काल केलं ती नक्कल होती. अस्सल इथं होतं. मनातल्या मनात त्यांनी त्या बाईला हात जोडले.

बेलापूरची बाई बाजूला झाली. झुंबरबाई पुढे झाल्या. गाठोडं खाली ठेवून त्यांनी ओंजळ केली. बावीस वर्षं त्या हातांनी धार धरली होती. ओंजळ त्यांना नीट जमेना, बोटं बोटांना लागेनात.

"भिमाबाई, घोटभर पानी," त्या म्हणाल्या. नाव नाटकात नव्हतं.

भिमाबाईंचे हात सुपात थांबले. मागची रांग वाट पाहत होती. खांबाआड मॅडम वाट पाहत होत्या. घागरीच्या काठावर एक माशी येऊन बसली आणि उडाली.

मग भिमाबाईंनी खडा काढला. बाजूला टाकला.

"पानी न्हाई," त्या म्हणाल्या. "फुडं हो."

झुंबरबाईंनी ओंजळ सोडली. गाठोडं उचललं आणि तटाच्या भिंतीशी, सावलीच्या पट्ट्यात जाऊन बसल्या. दिंडीदरवाजा तिथून दहा पावलांवर होता. त्याच्याआड रांजण होते, आणि त्यांना तिथं कोणी अडवलं नसतं. त्या बसून राहिल्या.

बेलापूरची बाई तिथंच टेकली होती. त्यांना बघून ती सरकली.

"काय बाई तरी," ती हलक्या आवाजात म्हणाली. "काळजाचं पानी केलं. पर नाटक हाय म्हनून बरं. खरं कोन म्हनतंय का पान्याला न्हाई?"

झुंबरबाईंनी भिंतीला डोकं टेकलं. गरम दगड त्यांच्या पदरातून पाठीला लागत होता.

"मी म्हनलं हुतं," त्या म्हणाल्या. "ह्याच बाईला."

वारा घेणारा पदर थांबला. ती बाई त्यांच्याकडे पाहत राहिली, मग घागरींकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. रांग सरकत होती. तटापलीकडे रंगनाथचा नगारा हळू वाजत होता, आणि दरवाजा उघडायला अजून अर्धा तास होता.

"मंग?" तिने विचारलं.

"फाल्गुनच हुता," झुंबरबाई म्हणाल्या. "मी ज्वारी निवडत बसल्ते."